तिकीट एका नावाचे, विमान दुसऱ्या नावाचे

बंगळूरच्या माझ्या परिचयातील एका वृद्ध दांपत्याने दिल्लीस जाण्याकरिता दीड महिना अगोदर विमानाची तिकिटे काढली. कंपनी त्यांनी विचारपूर्वक निवडली होती. यजमानांचे गुडघे दुखतात, म्हणून पाय ठेवण्यास थोडी अधिक जागा हवी. बाईंना मधुमेह आहे, म्हणून वेळेवर जेवण हवे. या दोन गोष्टींसाठी त्यांनी इतर कंपन्यांपेक्षा अधिक भाडे मोजले. प्रवासास दहा दिवस उरले असता यजमानांच्या मोबाइलवर संदेश आला : आपल्या उड्डाणाचा क्रमांक बदलला आहे, दिवस तोच, वेळही जवळजवळ तीच, मान्य असल्यास येथे बोट ठेवावे. त्यांनी बोट ठेवले. विमानतळावर गेल्यावर उमगले की, बदलला तो नुसता क्रमांक नव्हता. ते विमान त्याच उद्योगसमूहातील स्वल्पदराच्या उपकंपनीचे होते. जेवण विकत घ्यावयाचे होते, आणि पुढच्या आसनाची पाठ यजमानांच्या गुडघ्यांस टेकत होती. दिल्लीस ते सुखरूप पोचले आणि वेळेवरही पोचले. परतल्यावर त्यांनी मला विचारले, "आम्ही तक्रार करावी, तर नेमकी कशाची?"

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. विमानाचे तिकीट घेताना आपण काय विकत घेतो, हे ठरल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. केवळ एका गावाहून दुसऱ्या गावी पोचणे एवढेच विकत घेतले असेल, तर त्या दांपत्याचे काहीच हरवले नाही. परंतु आंबेमोहोराचे पैसे घेऊन दुकानदाराने जाडाभरडा तांदूळ बांधून दिला, तर पोट दोहोंनीही भरते म्हणून आपण गप्प बसत नाही. जाडा तांदूळ वाईट असतो असे नव्हे. आपण पैसे दिले ते दुसऱ्या वस्तूचे, एवढेच आपले म्हणणे असते.

एकाच मालकाने दोन प्रकारच्या विमानकंपन्या का चालवाव्यात, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. विमानाचा खर्च मुख्यतः इंधन, विमानाचे भाडे किंवा हप्ते, देखभाल, कर्मचारी आणि विमानतळाचे शुल्क यांवर होतो. यातला बराचसा खर्च विमानात किती माणसे बसली यावर अवलंबून नसतो. म्हणून एका विमानात जितकी आसने अधिक, तितका दर आसनामागचा खर्च कमी. एअरबस कंपनीच्या ए-३२० या विमानात एकच वर्ग ठेवून १८० आसने बसवता येतात. त्याच जातीच्या विमानात तीन वर्ग केले, म्हणजे पुढे ऐसपैस खुर्च्या, मधे थोड्या सैल आणि मागे साध्या, की ही संख्या १६४ किंवा त्याहूनही खाली येते. स्वल्पदराची कंपनी आसनांच्या रांगा जवळ आणते. दोन रांगांमधील अंतर पूर्ण सेवेच्या विमानात साधारणतः ३० ते ३२ इंच असते. ते येथे २८-२९ इंचांवर येते. दोन-तीन इंचांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण उंच माणसाच्या किंवा संधिवाताच्या रोग्याच्या गुडघ्यांना तो अडीच तास जाणवत राहतो. शिवाय ही कंपनी जेवण, आवडीचे आसन आणि कित्येकदा सामानदेखील तिकिटापासून वेगळे काढून स्वतंत्रपणे विकते, आणि विमान जमिनीवर कमीत कमी वेळ उभे ठेवून दिवसाकाठी अधिक फेऱ्या करते.

या पद्धतीत लबाडी मुळीच नाही. उलट, सामान्य माणसाला विमानात बसवण्याचे श्रेय तिलाच द्यावे लागते, आणि या बाबतीत बंगळूरचे स्थान मोठे आहे. सैन्यातून निवृत्त झालेले कॅप्टन गो. रा. गोपीनाथ यांनी २००३ साली याच शहरातून एअर डेक्कन ही कंपनी सुरू केली. तिने लहान एटीआर विमानांनी प्रारंभ केला आणि ज्या गावांना विमानसेवेची सवय नव्हती अशी गावे जोडली. पुढे तिने काही आसने एक रुपयात विकून साऱ्या देशाला चकित केले. म्हैसूरला जन्मलेल्या आणि मुंबईला कर्मभूमी मानणाऱ्या आर. के. लक्ष्मण यांचा 'सामान्य माणूस', तो चौकड्यांचा कोट आणि धोतर घातलेला मूक गृहस्थ, या कंपनीचे बोधचिन्ह झाला. त्याहून समर्पक चिन्ह सापडले नसते. तिकीट काढणाऱ्यास ठाऊक असे की, येथे पाणीदेखील विकत घ्यावे लागेल. सौदा उघड होता, म्हणून तो प्रामाणिक होता.

त्याच बंगळूरमध्ये २००५ साली किंगफिशर एअरलाइन्सचा उदय झाला. तिचा सारा भर आदरातिथ्यावर आणि थाटावर होता. २००७ साली किंगफिशरच्या मालकांनी एअर डेक्कनमध्ये मोठा हिस्सा घेतला, आणि पुढच्याच वर्षी दोन्ही कंपन्या एक झाल्या. यामागे एक सरकारी नियमही होता : देशात पाच वर्षे विमाने चालवलेल्या आणि वीस विमाने असलेल्या कंपनीलाच त्या काळी परदेशी उड्डाणांची परवानगी मिळे. डेक्कनची पाच वर्षे २००८ साली भरत होती. किंगफिशरची भरावयास अवकाश होता. विलीनीकरणानंतर सप्टेंबर २००८ मध्ये किंगफिशरने बंगळूरहून लंडनची सेवा सुरू केली, आणि जुन्या डेक्कनचे 'किंगफिशर रेड' असे नामकरण झाले. सामान्य माणसाचे चित्र गेले. थाटाच्या कंपनीचे नाव स्वस्त सेवेला लागले. एकच नाव दोन निरनिराळ्या वस्तूंवर लावले की गिऱ्हाइकाचा घोटाळा होणे अपरिहार्य असते. २०११ साली ती स्वस्त सेवा बंद करण्यात आली, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची सर्वच उड्डाणे थांबली.

जेट एअरवेजची वाटचाल अशीच झाली. तिने २००७ साली एअर सहारा विकत घेऊन तिची 'जेटलाइट' केली. आणि २००९ साली मंदीच्या दिवसांत स्वतःच्याच काही विमानांतून 'जेट कनेक्ट' या नावाने अल्पदराची सेवा काढली. म्हणजे एका घराण्याची तीन नावे झाली, आणि तिन्हींत 'जेट' हा शब्द समान. नाव ऐकून पूर्ण सेवेची अपेक्षा करावी, की जेवण विकत घेण्याची तयारी ठेवावी, हे उतारूला तिकिटावरील बारीक अक्षरे वाचूनच ठरवावे लागे. जेटची सेवाही एप्रिल २०१९ मध्ये थांबली.

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे आली. त्यानंतर समूहातील चार कंपन्यांच्या दोन झाल्या. मूळची एअरएशिया इंडिया, जिचे पहिले उड्डाण १२ जून २०१४ रोजी बंगळूरहून गोव्याला झाले होते, ती १ ऑक्टोबर २०२४ रोजी एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये विलीन झाली. आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही कंपनी एअर इंडियात मिळाली. पूर्ण सेवा एका कंपनीकडे आणि स्वल्पदर दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे. अशी वाटणी झाली की कोणत्या मार्गावर कोणती कंपनी उडेल, याची फेरमांडणी ओघानेच येते. व्यवसायाच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. परंतु मार्ग हस्तांतरित होतो त्या दिवशी त्या मार्गाची तिकिटे आधीच विकली गेलेली असतात, आणि आपल्या प्रश्नाचा जन्म तेथे होतो.

हे संक्रमण नीट कसे करता येते, याचे उदाहरण विस्ताराच्या विलीनीकरणातच सापडते. १२ नोव्हेंबरनंतरच्या प्रवासाचे आरक्षण विस्ताराने ३ सप्टेंबरपासूनच थांबवले. ज्यांच्याजवळ आधीची तिकिटे होती त्यांना एअर इंडियाची तिकिटे देण्यात आली. परंतु विस्ताराची जुनी विमाने ज्या उड्डाणांवर होती त्यांच्या क्रमांकांचा आरंभ २ या अंकाने होईल, असे आगाऊ जाहीर करण्यात आले. त्यामुळे नाव बदलले तरी आपल्याला कोणते विमान मिळणार, हे उतारूला त्या एका अंकावरून ओळखता येत होते. खुणेची किंमत अशी असते.

कायदा या बाबतीत काय सांगतो? नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने २०१० साली उतारूंच्या सोयींविषयी नियम केले. उड्डाण रद्द होणार असेल आणि ती सूचना दोन आठवड्यांहून कमी, पण २४ तासांपूर्वी दिली असेल, तर दुसरे उड्डाण किंवा पैशांचा परतावा यांपैकी उतारूस जे मान्य असेल ते द्यावे, असा त्यांचा आशय आहे. त्या दांपत्याचा संदेश दहा दिवस आधी आला होता. मूळ उड्डाण रद्द करून हे दुसरे दिले असेल, तर निवड त्यांची होती. संदेशात मात्र होकाराचीच तेवढी जागा ठळक होती. २०२३ साली या नियमांत एक महत्त्वाची भर पडली : तिकीट ज्या वर्गाचे आहे त्याहून खालच्या वर्गात उतारूस त्याच्या इच्छेविरुद्ध बसवल्यास, देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी, परदेशी प्रवासात अंतराप्रमाणे ३०, ५० किंवा ७५ टक्के.

येथे त्या नियमाचा शब्द 'वर्ग' हा आहे. पुढच्या ऐसपैस खुर्चीवरून मागच्या साध्या खुर्चीवर पाठवले, तर वर्ग बदलला. पण पूर्ण सेवेच्या कंपनीतील साध्या खुर्चीवरून स्वल्पदराच्या कंपनीतील साध्या खुर्चीवर पाठवले, तर कागदोपत्री वर्ग तोच राहतो. इंच कमी होतात, जेवण जाते, सामानाची सवलत कदाचित घटते. 'इकॉनॉमी' हा शब्द मात्र तिकिटावर जसाच्या तसा असतो. तक्रार कशाची करावी हे त्या दांपत्याला का कळेना, त्याचे कारण हे आहे. त्यांचे जे गेले, त्याला नियमात नाव नव्हते.

तथापि ग्राहक अगदी निराधार आहे असे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अनुचित करार' ही संज्ञा आणली आहे. ग्राहकाच्या संमतीवाचून आणि त्याला अपाय होईल अशा रीतीने करार दुसऱ्याकडे सोपवण्याची मुभा एका पक्षाला देणारे कलम, हा तिच्या व्याख्येतील एक प्रकार आहे. अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य आयोगाकडे न्यावी लागते. सेवेतील साध्या उणिवेची मात्र जिल्हा आयोगाकडेही नेता येते. आंतरराष्ट्रीय कायद्यानेही हा भेद पूर्वीच ओळखला आहे. करार करणारा वाहक एक आणि प्रत्यक्ष वाहून नेणारा वाहक दुसरा असू शकतो, हे १९६१ च्या ग्वादलाहारा कराराने मान्य केले, आणि १९९९ च्या माँट्रिअल कराराने ते तत्त्व आपल्या पोटात घेतले. भारत त्यात २००९ साली सामील झाला. युरोपीय संघाने २००५ साली एक पाऊल पुढे टाकले : प्रत्यक्ष विमान कोण उडवणार हे आरक्षणाच्या वेळीच सांगावे, आणि त्यात बदल झाल्यास तोही तत्काळ कळवावा, असे बंधन घातले.

मग आपण काय करावे? तिकीट हाती येताच उड्डाणाच्या क्रमांकाआधीची दोन अक्षरे पाहावीत. 'एआय' म्हणजे एअर इंडिया आणि 'आयएक्स' म्हणजे एअर इंडिया एक्स्प्रेस. पण तेवढ्यावर विसंबू नये, कारण परस्परांची तिकिटे विकण्याच्या पद्धतीत अक्षरे एका कंपनीची आणि विमान दुसरीचे असू शकते. म्हणून प्रत्यक्ष उड्डाण कोण चालवणार, ती ओळ अवश्य वाचावी. बदलाचा संदेश आला तर घाईने होकार देऊ नये. जेवण, सामान, निवडलेले आसन आणि चाकांची खुर्ची या चार गोष्टी नव्या उड्डाणावर कायम आहेत काय, ते लेखी विचारावे. नसतील तर भाड्यातील फरक किंवा पूर्ण परतावा मागावा. दाद न लागल्यास केंद्र सरकारच्या 'एअरसेवा' या तक्रारव्यवस्थेकडे जाता येते. मधुमेही माणसाने मात्र कोणत्याही कंपनीच्या भरवशावर न राहता घरची पोळीभाजी जवळ ठेवावी. ती कोणत्याही उड्डाणात रद्द होत नाही.

तरीही सारी दक्षता उतारूनेच घ्यावी, हे न्यायाचे नव्हे. मी स्वतः शासनात काम करतो, आणि नियमाच्या शब्दात न बसलेले नुकसान फाइलीत दिसत नाही, हे मी रोज पाहतो. म्हणून मला वाटते, वर्ग उतरवण्याच्या नियमाशेजारी सेवा उतरवण्याचाही एक लहानसा नियम असावा : कंपनी बदलली तर संदेशात ते पहिल्याच ओळीत सांगावे, काय कमी होणार ते मोजून सांगावे, आणि तेवढे पैसे न मागता परत करावेत. यामुळे कोणतीही स्वस्त कंपनी बुडणार नाही. लक्ष्मणांच्या सामान्य माणसाला कमी पैशांत अरुंद खुर्चीवर बसण्याचे कधीच दुःख नव्हते. रुंद खुर्चीचे पैसे घेऊन अरुंद खुर्चीवर बसवले, आणि वर त्याला ते कळलेही नाही, तर मात्र तक्रार कशाची करावी हे त्याला नियमानेच सांगितले पाहिजे.