कूपरेजने पाहिलेली भारतीय शैली

मुंबईच्या कूपरेज मैदानावर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स चषक एकाच संघाने जिंकला. तो संघ हैदराबाद पोलिसांचा होता आणि त्याचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. पुढे मेलबर्न आणि जाकार्तामध्ये जगाने जो भारतीय फुटबॉल पाहिला, त्याची घडण मुंबईकरांनी आधीच पाहिली होती. संघाने आपली ओळख जपावी की काळाप्रमाणे व्यूहरचना बदलावी, हा वाद आज प्रत्येक पराभवानंतर रंगतो. रहीम यांनी दोन्ही गोष्टी एकत्र साधल्या होत्या.

अनवाणी पायांनंतर

१९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सकडून १-२ असा हरला. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. दोन पेनल्टी हुकल्या नसत्या, तर निकाल वेगळा लागला असता. चार वर्षांनी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

पण बूट घातल्याने खेळ बदलत नाही. पायात कसब होतं, मात्र ते चेंडू घोळवण्यातच खर्ची पडत होतं. रहीम यांनी हैदराबादेत ड्रिब्लिंगला मनाई असलेल्या स्पर्धा घेतल्या. फक्त कमकुवत पायाने खेळायचे सामने लावले. अशा सरावातून खेळाडूंना चेंडू झटपट पुढे सरकवण्याची आणि दोन्ही पाय वापरण्याची सवय लागली. अंगाने लहान, पण चपळ खेळाडूंना शोभेल अशी ही शैली होती आणि ती सरावातून घडवलेली होती.

१९५३मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं हरवलं. हिदेगकुटी हा त्यांचा सेंटर फॉरवर्ड मागे सरकून खेळायचा, त्यामुळे बचावपटूंना कुणाला धरावं तेच कळेना. रहीम यांनी हा डाव अभ्यासला. तीन बचावपटूंची जुनी मांडणी मोडून ते ४-२-४कडे वळले. ब्राझीलने १९५८चा विश्वचषक याच मांडणीने जिंकला.

१ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसूझाचे होते. गोव्याच्या कुटुंबातला, मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणारा हा तरुण ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू ठरला. भारत चौथा आला.

१९६२च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत जर्नेलसिंग या मध्य बचावपटूच्या डोक्याला दुखापत झाली. रहीम यांनी त्याला उपांत्य आणि अंतिम सामन्यात थेट आघाडीला खेळवलं. दोन्ही सामन्यांत त्याने गोल केला आणि दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून भारताने सुवर्ण मिळवलं. ऐन स्पर्धेत मांडणी बदलूनही हा संघ डगमगला नाही, कारण खेळण्याची रीत अंगात मुरलेली होती. पुढच्याच वर्षी, जून १९६३मध्ये, कर्करोगाने रहीम यांचं निधन झालं.

जगाचा अनुभव

१९८२मध्ये ब्राझीलचा देखणा संघ इटलीकडून २-३ असा हरला. १९९४मध्ये दुंगा आणि मावरो सिल्वा यांच्या शिस्तीवर उभा असलेला ब्राझील विश्वविजेता झाला, तरी अनेक ब्राझिलियनांना तो आपला वाटला नाही. स्पेनने २०२२मध्ये मोरोक्कोविरुद्ध हजाराहून अधिक पास दिले, पण गोल एकही केला नाही आणि पेनल्टींवर तो बाद झाला. २०२४मध्ये त्याच स्पेनने लामिन यमाल आणि निको विल्यम्स या वेगवान विंगरना मोकळीक देऊन युरो चषक जिंकला. चेंडू ताब्यात ठेवण्याची रीत त्यांनी सोडली नाही, फक्त तिला धार लावली.

इंग्लंडने २०१४मध्ये सर्व वयोगटांसाठी एकच खेळधोरण जाहीर केलं. २०१७चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा त्यांच्या मुलांनी कोलकात्यात स्पेनला ५-२ असं हरवून तो जिंकला. ओळख नियोजनातून घडवता येते, याचा हा पुरावा.

आपली मैदानं

आपल्याकडे रहीम यांच्यानंतर हे सातत्य तुटलं. अलीकडच्या राष्ट्रीय प्रशिक्षकांचंच पाहा: कॉन्स्टंटाइन यांचा थेट, लांब चेंडूंचा खेळ, स्टिमाच यांचा पासिंगवर भर, मग मार्केझ, आता मुंबईच्या मैदानांवर घडलेले खालिद जमील. प्रत्येकाला आरंभ नव्याने करावा लागला. ऑक्टोबर २०२५मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असं हरवलं आणि २०२७च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. हे अपयश एका प्रशिक्षकाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

खेळाडू राष्ट्रीय प्रशिक्षकाकडे येण्याआधीच घडू लागतो: मुलाचा चेंडूला होणारा पहिला स्पर्श त्याच्या जमिनीवर घडतो. कोकणात आंजर्ल्याच्या पुळणीवर ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवरून चेंडू लांब घरंगळतो, तर वरच्या कोरड्या वाळूत तो रुततो आणि उचलूनच मारावा लागतो. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर ईर्षेने भिडतात. त्याच शहराचा अनिकेत जाधव २०१७च्या विश्वचषक संघात होता. एवढ्या विविध जमिनींवर घडलेल्या मुलांना कोणत्या एका पद्धतीने पास द्यायचा, चेंडू गेल्यावर कसं परतायचं, हे बाराव्या-तेराव्या वर्षीच शिकवायला हवं.

रहीम यांचा धडा साधा आहे: मांडणी प्रतिस्पर्धी पाहून बदलावी, पण पायांना लावायची सवय एकच असावी. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आणि राज्य संघटनांनी ती सवय कोणती हे ठरवून, प्रशिक्षक कितीही बदलले तरी किमान दहा वर्षं तिचाच सराव करून घेतला, तर भारतीय शैली पुन्हा घडू शकेल.