कृष्णविवराचे जामीनदार

चंद्र समुद्राला ओढतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण तो जमिनीलाही ओढतो. पायाखालचा खडक दिवसातून दोनदा, सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत, वर-खाली होतो. घरदारही त्याच्यासोबतच हलत असल्याने कुणाला पत्ता लागत नाही. पृथ्वी या ओढीपुढे किती नमते, ते सांगणारा आकडा १९०९ मध्ये ऑक्सफर्डचे गणितज्ञ ऑगस्टस लव्ह यांनी मांडला. त्याला ‘लव्ह अंक’ म्हणतात. (प्रेमाशी संबंध नाही!)

मग कृष्णविवराचा लव्ह अंक किती? आइन्स्टाइनच्या समीकरणांतून २००९ मध्ये उत्तर निघाले: शून्य. शेजारी दुसरे कृष्णविवर येऊन हळूहळू घिरट्या घालू लागले, तरी हे महाशय ढिम्म! न्यूट्रॉन ताऱ्याचे तसे नाही, तो नमतो.

मात्र हे शून्य निर्वात पोकळीतल्या एकट्या कृष्णविवराचे. प्रत्यक्षात त्याच्याभोवती तप्त वायूची चकती असू शकते, तारे असतात, कदाचित कृष्णद्रव्यही असते. हा गोतावळा मात्र भरतीने ताणला जातो. व्हितोर कार्दोसो आणि फ्रान्सिस्को दुके यांनी २०२० मध्ये दाखवले, की अशा परिसरामुळे लव्ह अंक शून्य राहत नाही. आणि हे द्रव्य जितके दूरवर पसरलेले, तितका तो झपाट्याने वाढतो.

बँकेत हयात गेल्याने मला जामीनदार आठवतात. अर्जदाराच्या नावावर दमडी नसते, पण मामा-काका पाठीशी उभे राहिले की पत वधारते. ती पत नेमकी कुणाची, हे तपासावेच लागते. इथेही तेच. उद्या गुरुत्वीय लहरींत शून्याहून वेगळा अंक आढळला, तर आइन्स्टाइन चुकला अशी आवई उठायला वेळ लागणार नाही. दोष असेल भोवतालच्या वायूचा!

ओळखायचे कसे? दोन कृष्णविवरे जवळ आली, की एकाच्या ओढीने दुसऱ्याभोवतीचे द्रव्य ओरबाडले जाते. म्हणजे अंक आधी शून्याहून वेगळा, आणि मीलनापूर्वी पुन्हा शून्याकडे. संकट दाराशी आले की जामीनदार पांगतातच.

तेव्हा शेवटचे काही क्षण ऐकून भागणार नाही. आधीची लांबलचक घिरटी ऐकायला हवी. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेली लायगो-इंडिया वेधशाळा ते शेवटचे क्षण टिपेल. महाकाय कृष्णविवरांची संथ घिरटी ऐकण्यासाठी युरोपीय अवकाश संस्था २०३५ च्या सुमारास ‘लिसा’ची तीन याने सोडणार आहे, एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर.