चुना आणि अमोनियम सल्फेट एकत्र का कालवू नयेत?

"खताला उग्र वास येतो, माल भेसळीचा दिसतो," अशी तक्रार शेतकरी बंधू ग्रामसेवकांकडे करतात. पुष्कळदा मालात खोट नसते. एक फेरी वाचावी म्हणून अमोनियम सल्फेट व विरलेला चुना एकाच पाटीत कालविलेले असतात.

ओलाव्यात हे दोन पदार्थ मूळ रूपात राहत नाहीत. त्यांपासून कॅल्शियम सल्फेट, पाणी व अमोनिया वायू हे तीन नवे पदार्थ होतात. यास रासायनिक क्रिया म्हणतात. समीकरण म्हणजे तिचा जमाखर्च होय :

१३२ भार अमोनियम सल्फेट + ७४ भार विरलेला चुना = १३६ भार कॅल्शियम सल्फेट + ३४ भार अमोनिया + ३६ भार पाणी.

दोन्हीकडील बेरीज २०६ भरते. परंतु खतातील नत्राचे सर्व २८ भार अमोनियात गेलेले असतात, आणि अमोनिया हवेत उडून जातो. ज्यासाठी पैसे मोजले, नेमके तेच हातचे जाते.

ग्रामसेवकांनी हे प्रत्यक्ष करून दाखवावे. काचेच्या पेल्यात दोन्ही चिमूटभर घेऊन थोडे पाणी घालावे व वर हळदीने रंगविलेला ओला कागद धरावा. तो तांबूस होतो. पेला नाकाशी नेऊ नये. लाकडाच्या राखेनेही नत्राचे असेच नुकसान होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

कोकणातील आम्ल जमिनीस चुना द्यावयाचा असल्यास तो आधी मातीत चांगला मिसळावा व अमोनियम सल्फेट त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी द्यावे.