छोट्या होंडाचा पुनर्जन्म

शर्यतीच्या मोटारींचे जुने, दुर्मिळ प्रतिकृती-संच पुन्हा उभे करण्याच्या छंदात रसायनशास्त्र, इतिहास आणि हस्तकौशल्य यांचा कस लागतो. त्यात एक अवघड निर्णयही घ्यावा लागतो. जपानच्या तामिया कंपनीने १९६७ साली बाजारात आणलेल्या 'होंडा आरए २७३' या संचाच्या निमित्ताने या विद्येची ओळख.

मोटारसायकलींसाठी ख्यातनाम असलेल्या होंडा कंपनीने १९६४ साली जर्मन ग्रां प्रीमध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यतीत पहिले पाऊल टाकले, तेव्हा युरोपातील मातब्बरांनी तिची फारशी दखल घेतली नव्हती. अवघ्या वर्षभरात, ऑक्टोबर १९६५ मध्ये, रिची गिंथर या अमेरिकी चालकाने मेक्सिकोत होंडाला पहिला विजय मिळवून दिला. पुढच्या वर्षी नियम बदलले. इंजिनाची क्षमता दीड लिटरवरून तीन लिटरवर गेली आणि होंडाने बारा सिलिंडरांच्या इंजिनाची 'आरए २७३' ही नवी गाडी सप्टेंबर १९६६ मध्ये इटलीतील मोंझा येथे उतरवली. हस्तिदंती पांढरा रंग आणि त्यावर उगवत्या सूर्याचा लाल गोल असे तिचे रूप होते.

गाडी ताकदवान होती, परंतु जडही होती. पहिल्याच शर्यतीत टायरने दगा दिल्याने गिंथरला अपघात झाला. त्यातून सावरून त्याने मेक्सिकोत चौथा क्रमांक मिळवला व शर्यतीतील सर्वांत वेगवान फेरीही नोंदवली. १९६७ च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेत माजी विश्वविजेता जॉन सर्टीझ याने हीच गाडी तिसऱ्या क्रमांकावर आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिच्या जागी आलेल्या 'आरए ३००' ने मोंझाची शर्यत जिंकली आणि 'आरए २७३' ची कारकीर्द संपली. एकही विजय नावावर नसलेली ही गाडी विस्मृतीत जायची, ती मुख्यतः एका खेळण्याच्या खोक्यामुळे जगभरच्या घराघरांत पोहोचली.

लाकडाकडून प्लास्टिककडे

तामिया ही जपानमधील शिझुओका शहरातील कंपनी. १९४६ साली योशिओ तामिया यांनी लाकडाच्या व्यवसायातून तिची सुरुवात केली. लाकडी जहाजांच्या प्रतिकृती हा पुढे तिचा मुख्य धंदा झाला. परदेशी प्लास्टिक संच येऊ लागले तशी लाकडाची मागणी ओसरली आणि १९६० साली 'यामातो' या युद्धनौकेच्या रूपाने तामियाने पहिला प्लास्टिक संच काढला. रणगाडे आणि जहाजे यांत जम बसल्यावर कंपनीने शर्यतीच्या मोटारीकडे मोर्चा वळवला. १९६७ चा 'होंडा आरए २७३' हा तिच्या १/१२ प्रमाणातील फॉर्म्युला वन गाड्यांचा आरंभ होय.

१/१२ हे प्रमाण म्हणजे चार मीटर लांबीची गाडी साधारण ३३ सेंटीमीटरांत बसवणे. एवढ्या आकारात इंजिनाचे नळ, स्प्रिंगा, ब्रेकच्या तबकड्या, सुकाणूचे दांडे हे सारे स्वतंत्र भाग म्हणून दाखवता येते. प्रतिकृती त्यामुळे नुसते बाह्य कवच राहत नाही. गाडी कशी चालत असे, हे ती समजावून सांगते. त्या काळच्या रिवाजानुसार संचात विजेची छोटी मोटार बसवण्याचीही सोय होती. मुलांनी गाडी जोडायची, सेल घालायचे आणि अंगणात पळवायची, अशी ही कल्पना. साहजिकच बहुतेक संच खेळून झिजले, मोडले किंवा अडगळीत गेले. आज न जोडलेला, सर्व भाग शाबूत असलेला पहिल्या आवृत्तीचा संच म्हणूनच अपूर्वाईचा ठरतो.

कंपनीने नंतरच्या काळात हाच संच पुन्हा काढला. पुढील एका आवृत्तीत पत्र्यावर आम्लाने कोरलेले नाजूक धातूचे भागही दिले. त्यामुळे ज्याला केवळ होंडा बांधायची आहे, त्याने फेरआवृत्ती घेणे शहाणपणाचे. मूळ संच हाती घेणाऱ्याचा हेतू वेगळा असतो. साठ वर्षांपूर्वीची वस्तू, तिच्या काळच्या गुणदोषांसह, पुन्हा उभी करायची असते.

बांधावा की जपावा?

इथेच पहिला पेच पडतो. न उघडलेल्या संचाला संग्राहकांच्या बाजारात सर्वाधिक किंमत. पाकीट फोडले की ती घटते, भाग चौकटीतून कापला की आणखी घटते आणि डिंकाचा पहिला थेंब पडला की ती जवळपास संपते. हा प्रवास एकाच दिशेचा आहे. दुसरीकडे, खोक्यात पडून राहिलेला संच सुरक्षित असतो, हा समज पुरता खरा नाही. काळ आपले काम खोक्यातही करीत असतो.

अनुभवी मंडळी म्हणून एक विवेक पाळतात. पूर्ण आणि सीलबंद संच असेल तर तो तसाच ठेवावा. खोके फाटलेले, काही भाग हरवलेले किंवा कुणी तरी अर्धवट जोडून सोडून दिलेला संच असेल, तर तो पुनरुज्जीवनासाठी घ्यावा. त्यात गमावण्यासारखे थोडे असते आणि वाचवण्यासारखे बरेच.

काळाच्या खुणा

पहिले काम तपासणीचे. सूचनापत्रकावरील यादीशी प्रत्येक भाग ताडून पाहायचा, छायाचित्रे काढायची आणि उणे काय ते लिहून ठेवायचे. जुन्या संचांत काही दुखणी हमखास आढळतात.

सर्वांत कपटी दुखणे टायरांचे. हे टायर मऊ व्हिनाइलचे असतात आणि ती मऊपणा आणणारी तेलकट द्रव्ये वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर पाझरतात. टायर कठीण पॉलिस्टायरिनच्या चाकाला चिकटून राहिला तर ही द्रव्ये चाकाचे प्लास्टिक विरघळवतात. टायर काढावा तो रिमवर त्याचा ठसा वितळून उमटलेला. म्हणूनच जुना संच हाती येताच टायर आधी वेगळे करून निराळ्या पिशवीत ठेवतात. बांधून झाल्यावरही रिमवर रंगाचा किंवा पातळ धातुपत्र्याचा पडदा ठेवतात, म्हणजे दोहोंचा थेट स्पर्श होत नाही.

दुसरे दुखणे वाकलेल्या भागांचे. लांबट, पातळ भाग दाबाखाली पडून पिळवटतात. ते सोसवेल इतक्या गरम पाण्यात काही वेळ धरून, हलक्या हाताने सरळ करून, त्याच स्थितीत गार होऊ द्यायचे. उकळते पाणी मात्र टाळावे. पॉलिस्टायरिन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते आणि भाग कायमचा बिघडू शकतो.

तिसरे, चकचकीत मुलामा दिलेले भाग. हा मुलामा क्रोमियमचा नसून निर्वात पेटीत चढवलेल्या अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. तो डागाळला, तर घरगुती ब्लीचमध्ये भाग बुडवून उतरवता येतो व नंतर धातूच्या रंगाने नवी झळाळी देता येते. मोटार बसवलेल्या संचांत सेलमधून पाझरलेल्या द्रव्याने पितळी पट्ट्या गंजलेल्या असतात. त्या बारीक पॉलिश पेपरने घासून घ्याव्या लागतात.

जोडलेले उलगडताना

अर्धवट बांधलेला संच असेल, तर आधी उलट दिशेचे काम करावे लागते. जुन्या काळी ट्यूबमधला डिंक सढळ हाताने वापरला जाई. प्लास्टिकचा डिंक चिकटवण्याऐवजी दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो. सांधा खरोखर एकजीव झाला असेल तर तो सुटत नाही. तिथे बारीक करवतीने कापणे भाग पडते. मात्र पुष्कळदा जुना डिंक ठिसूळ झालेला असतो. अशी वस्तू काही तास फ्रीजरमध्ये ठेवली, तर सांधे हलक्या दाबाने कटकन सुटतात. घाई येथे घातक ठरते. न सुटणारा सांधा जोर लावून तोडला, तर तो सांध्यावर न तुटता शेजारी तुटतो.

जुना रंग उतरवण्याचे उपाय रंगाच्या जातीवर अवलंबून असतात. अॅक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुटतो, तर इनॅमलसाठी कॉस्टिक सोड्याचे द्रावण वा ब्रेक ऑइल वापरले जाते. या दोहोंनी त्वचा व डोळ्यांना इजा होते. हातमोजे, चष्मा आणि हवेशीर जागा यांना पर्याय नाही. अॅसिटोन किंवा तीव्र थिनर मात्र चुकूनही वापरू नये. रंगाबरोबर प्लास्टिकही विरघळून जाते. कोणतेही द्रावण आधी चौकटीच्या टाकाऊ तुकड्यावर आजमावावे, हा या कामातील पहिला धडा.

हरवलेल्याचा शोध

एखादा आरसा, सायलेन्सरचा नळ किंवा सस्पेन्शनचा दांडा हरवलेला असतोच. त्याची भरपाई तीन मार्गांनी होते. फेरआवृत्तीच्या संचातून तो भाग घ्यावा, हा पहिला मार्ग. दुसरा म्हणजे साचा करण्याचा. जोडीतला एक भाग शाबूत असेल तर त्याभोवती सिलिकॉन रबर ओतून साचा घ्यायचा आणि त्यात रेझिन ओतून नवा भाग काढायचा. उजव्या-डाव्या भागांत मात्र ही युक्ती चालत नाही, कारण साचा आरशातले प्रतिबिंब देत नाही. तिसरा मार्ग म्हणजे प्लास्टिकचा पत्रा, सळ्या आणि तार यांपासून तो भाग हाताने घडवणे.

टाकाऊ चौकटसुद्धा उपयोगी पडते. मेणबत्तीच्या ज्योतीजवळ ती मऊ होईपर्यंत धरून दोन्ही हातांनी अलगद ओढली, की केसासारखा बारीक धागा निघतो. इंजिनाच्या बारीकसारीक जोडण्यांसाठी तो उत्तम. मूळ संचातील मऊ नळ्या कडक व पिवळ्या पडलेल्या असल्यास त्यांच्या जागी विजेच्या तारेवरचे आवरण कामी येते.

पांढरा रंग, लाल सूर्य

फटी लांबी भरून, सुकल्यावर वॉटर पेपरने घासून एकसारख्या कराव्या लागतात. चारशे नंबरच्या पेपरपासून दोन हजारपर्यंत क्रमाने जायचे. त्यानंतर प्रायमर देतात. त्याचा उद्देश रंग धरून ठेवण्याइतकाच दोष दाखवण्याचाही असतो. उघड्या प्लास्टिकवर न दिसलेला चरा प्रायमरखाली स्पष्ट उठतो.

होंडाची खरी परीक्षा तिच्या पांढऱ्या रंगात आहे. पांढरा रंग खालचे सारे उघडे पाडतो आणि एका हातात झाकत नाही. जाड थर दिला तर बारीक रेघा बुजतात. प्रतिकृतीवरील रंगाचा थर दशांश मिलिमीटर जाड झाला, तर मूळ गाडीच्या मापात तो सव्वा मिलिमीटरच्या घरात जातो! म्हणून एअरब्रशने चार-पाच पातळ हात, प्रत्येकामध्ये पुरेसा अवकाश. दमट हवेत लॅकरचा रंग पांढुरका, निस्तेज पडतो. मुंबईसारख्या किनारपट्टीच्या शहरात पावसाळ्यातील दिवस म्हणूनच घासकामासाठी राखून ठेवणे बरे.

रंगछटेचाही प्रश्न असतो. शुभ्र पांढरा चुकीचा दिसतो. त्यात पिवळ्याचा किंचित अंश हवा. तो किती, हे ठरवताना जुन्या छायाचित्रांवर फार विसंबू नये, कारण त्यांचे रंगही काळाने बदललेले असतात.

डेकलची कसोटी

सर्वांत नाजूक टप्पा डेकलचा. पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचे हे अंक आणि चिन्हे जुनी झाली की पिवळी पडतात, आणि पाण्यात टाकताच त्यांचे तुकडे तुकडे होतात. त्यामुळे पहिला नियम असा की, मूळ डेकलला हात लावण्यापूर्वी त्याची उच्च प्रतीची स्कॅन प्रत करून ठेवावी. काही बिनसलेच तर नवे छापून घेता येते. पिवळेपणा घालवण्यासाठी डेकलचा कागद पारदर्शक पिशवीत घालून काही दिवस खिडकीच्या काचेला, उन्हात चिकटवून ठेवतात. तुटू नये म्हणून वरून लॅकरचा पातळ हात देतात. आधी एखादा बिनमहत्त्वाचा डेकल पाण्यात टाकून पाहतात आणि मगच लाल सूर्याच्या वाट्याला जातात.

यानंतरची जुळणी तुलनेने सुखाची. बारा सिलिंडरांच्या इंजिनाच्या दोन रांगांमधून वर उसळून मागे जाणारे धुराचे नळ हे या गाडीचे वैशिष्ट्य. ते आधी जोडून पाहून, मगच रंगवायचे. प्रत्येक भाग डिंकाविना बसवून पाहण्याची सवय इथे फार उपयोगी पडते. जुन्या साच्यांतील भाग आजच्या संचांइतके बिनचूक बसत नाहीत.

किती जुने, किती नवे?

काम संपल्यावर एक प्रश्न उरतो. टायर नवे, डेकल नवे, चार भाग रेझिनचे. मग हा १९६७ चा संच म्हणायचा का? पुरातन वास्तू आणि चित्रे यांच्या जतनातही हाच वाद आहे आणि तिथले उत्तर इथेही लागू पडते. दुरुस्ती लपवू नये, तिची नोंद ठेवावी आणि काढलेला मूळ भाग फेकून देऊ नये. पिवळा पडलेला डेकल, वितळलेले चाक, मूळ मोटार हे सारे एका पाकिटात घालून खोक्यासोबत ठेवावे. पुढे तो संच ज्याच्या हाती जाईल, त्याला काय खरे आणि काय भर, हे कळले पाहिजे. विकताना ही माहिती दडवणे म्हणजे सरळ फसवणूक होय.

होंडाने १९६८ नंतर फॉर्म्युला वनमधून काही काळ माघार घेतली. तिच्या जुन्या शर्यतीच्या गाड्या आज जपानमध्ये मोटेगी येथील संग्रहालयात पाहता येतात. तिथवर जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी टेबलावरची ही ३३ सेंटीमीटरांची गाडी पुष्कळ काही सांगून जाते. तीन लिटरचे इंजिन एवढ्याशा सांगाड्यात कसे बसवले, चालक इंधनाच्या टाक्यांच्या किती जवळ बसत असे आणि त्या काळी वेगासाठी माणसे काय पणाला लावीत, हे तिचा एकेक भाग जोडताना जितके उमगते तितके छायाचित्रातून उमगत नाही. अडगळीतला मोडका संच वाचवण्याचे खरे कारण हेच आहे.