दुग्धज्वर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

श्रीगोंदा हा उसाचा आणि दुधाचा तालुका. इथल्या गोठ्यात भरपूर दुधाची संकरित गाय व्याल्यावर दोन-तीन दिवसांत अचानक बसली, मान पोटाकडे वळवून पडून राहिली, की पहिली शंका दुग्धज्वराची येते.

गैरसमज: दुग्धज्वर म्हणजे ताप.
वस्तुस्थिती: अंगात ताप नसतो; कान हाताला गार लागतात.

गैरसमज: हाडं ठिसूळ झाल्याने गाय उठत नाही.
वस्तुस्थिती: हाडांत कॅल्शियम भरपूर असतं, तुटवडा रक्तात पडतो. एक लिटर चिकातून सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं आणि गायीच्या रक्तद्रवात एका वेळी असतं जेमतेम 3 ग्रॅम. मज्जातंतूच्या टोकाला कॅल्शियम चॅनेल असतात. विजेचा संदेश पोचताच ते उघडतात, बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं आणि ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन स्नायूवर सुटतं. बाहेरच कॅल्शियम कमी असलं, तर संदेश येऊनही ॲसिटिलकोलीन पुरेसं सुटत नाही. स्नायू ढिले पडतात.

गैरसमज: पेशीत जितकं जास्त कॅल्शियम, तितकी नस तगडी.
वस्तुस्थिती: पेशीच्या आतलं मुक्त कॅल्शियम बाहेरच्या सुमारे 10,000 पट कमी असतं आणि तसंच राहावं लागतं. आत आलेलं कॅल्शियमच कॅल्मोड्युलिन या प्रथिनामार्फत चॅनेल मिटवायला लावतं. काही जी-प्रथिनं चॅनेल सहज उघडू देत नाहीत. उरलेलं कॅल्शियम पंप बाहेर टाकतात. हा बंदोबस्त कोलमडला तर पेशी मरते.

गैरसमज: कॅल्शियमची बाटली भरभर चढवली की गाय लवकर उठते.
वस्तुस्थिती: हृदयाच्या स्नायूंनाही कॅल्शियम चॅनेल लागतात. रक्तातलं कॅल्शियम एकदम वाढलं तर ठोके बिघडून गाय दगावू शकते. म्हणून डॉक्टर कॅल्शियम बोरोग्लुकोनेट सावकाश, ठोके ऐकत देतात.

गैरसमज: व्यायच्या आधी भरपूर कॅल्शियम पाजलं की धोका टळला.
वस्तुस्थिती: आयतं कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून कॅल्शियम काढायला लावणारी पॅराथायरॉइड ग्रंथी सुस्तावते. मग ऐन गरजेला हाडांतला साठा वेळेवर रक्तात येत नाही. व्याल्यानंतर मात्र निव्वळ उसाच्या वाढ्यांवर गाय ठेवू नये. वाढ्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

गाय बसली तर तिच्या तोंडात काही ओतू नका, गिळता न आल्याने ते फुफ्फुसात जातं. तिला छातीवर नीट बसवा आणि लगेच पशुवैद्यकांना बोलवा.