नरवानर-क्षेत्राभ्यास : संशोधन व स्वयंसेवा

नरवानर गणातील प्राण्यांचे वर्तन, समाजरचना, आहार व परिसराशी असलेले संबंध यांचे त्यांच्या नैसर्गिक वसतिस्थानात राहून केलेले पद्धतशीर निरीक्षण म्हणजे नरवानर-क्षेत्राभ्यास होय. लोरिस, माकडे, वानर व कपी हे या गणातील भारतीयांना परिचित असे मानवेतर प्राणी होत. माकडाचे वा वानराचे आयुष्य वीस वर्षांहून अधिक असू शकते. त्यामुळे एका कळपाच्या दोन-तीन पिढ्यांचा वृत्तांत जुळविण्यास एका संशोधकाचा कार्यकाल अपुरा पडतो. या शास्त्रातील महत्त्वाचे निष्कर्ष म्हणूनच अनेक निरीक्षकांनी एकामागून एक ठेवलेल्या नोंदींवर आधारलेले आहेत. त्यांत विद्यापीठीय संशोधकांबरोबर विद्यार्थी, स्वयंसेवक व स्थानिक रहिवासी यांचाही वाटा मोठा आहे. अशी कामे कोणत्या प्रकारची असतात, ती कोठे मिळतात व स्वीकारण्यापूर्वी काय पारखावे, याचे विवेचन येथे केले आहे.

इतिहास : क्लॅरेन्स रे कार्पेंटर यांनी १९३१ मध्ये पनामातील बारो कोलोरॅडो बेटावर हाउलर माकडांचे निरीक्षण केले. हा या क्षेत्रातील पहिल्या पद्धतशीर अभ्यासांपैकी एक मानतात. जपानमध्ये किंजी इमानिशी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९४८ पासून कोशिमा बेटावरील माकडांचा अभ्यास हाती घेतला. त्यांनी प्रत्येक माकडास स्वतंत्र नाव देऊन त्याची वंशावळ ठेवली. या बेटावर १९५३ मध्ये एक लहान मादी रताळे पाण्यात धुऊन खाताना आढळली. पुढे ही रीत कळपात पसरत गेली आणि प्राण्यांतील सांस्कृतिक वारशाचे उदाहरण म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. ती प्रथम पाहणारी व्यक्ती विद्यापीठातील संशोधक नव्हती. सात्सुए मितो या त्या भागातील शाळाशिक्षिकेने ती पाहिली होती. जेन गुडॉल (१९३४–२०२५) यांनी १९६० मध्ये टांझानियातील गोम्बे येथे चिंपँझींचे निरीक्षण सुरू केले, तेव्हा त्यांच्याजवळही विद्यापीठाची पदवी नव्हती. केंब्रिजची डॉक्टरेट त्यांना नंतर मिळाली. आज मात्र वेतनी संशोधनपदासाठी पदवी बहुधा आवश्यक असते. स्वयंसेवकाच्या बाबतीत चिकाटी व नोंदींतील प्रामाणिकपणा यांना अजूनही अधिक महत्त्व आहे.

निरीक्षणाची परंपरा भारतातही कशी फलदायी ठरली, हे हनुमान वानरांच्या अभ्यासावरून दिसते. क्योटो विद्यापीठाचे युकिमारू सुगियामा यांनी १९६१–६३ या काळात धारवाड परिसरातील वानरांचे निरीक्षण केले. बाहेरील नरांनी कळपाच्या प्रमुख नरास हुसकावल्यानंतर कळपातील तान्ही पिले मारली गेल्याचे त्यांनी नोंदविले. जोधपूर येथे एस. एम. मोहनोत यांनी १९६७ पासून केलेल्या अभ्यासातही असे प्रसंग आढळले. सारा हर्डी यांनी १९७१ पासून अबूच्या पहाडावर काम करून त्याची उपपत्ती मांडली : पिलू गमावलेली मादी लवकर पुन्हा गर्भधारणेस योग्य होते व नव्या नरास स्वतःची संतती लवकर मिळते. गर्दीमुळे उद्‌भवलेली ही विकृती असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत होते. अखेर नेपाळमधील रामनगर येथील वानरांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. मारणारे नर त्या पिलांचे पिते नव्हते, असे तीवरून दिसून आले व हर्डी यांच्या उपपत्तीस बळकटी मिळाली. धारवाडची पहिली नोंद ते हा पुरावा यांमध्ये सु. सदतीस वर्षे गेली. मधल्या काळात सूर्योदयापूर्वी कळपाच्या झोपण्याच्या झाडाखाली हजर राहणाऱ्या निरीक्षकांनी हा धागा तुटू दिला नाही.

कामाचे स्वरूप : निरीक्षकाचा दिवस कळपाबरोबर सुरू होतो व कळप निजण्याच्या जागी परतल्यावर संपतो. पहिले काही आठवडे प्राणी ओळखण्यातच जातात. फाटलेला कान, ओठावरील व्रण, शेपटीचा बाक, चालण्याची ढब अशा खुणांवरून प्रत्येकाची ओळख पक्की केली जाते. जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये निरीक्षणाच्या पद्धतींचे जे वर्गीकरण केले, ते आजही प्रमाण मानले जाते. त्यांपैकी एका पद्धतीत ठरावीक वेळपर्यंत एकाच प्राण्याचे सर्व वर्तन टिपतात. दुसरीत ठरावीक अंतराने सर्व कळपावर नजर फिरवून प्रत्येक जण त्या क्षणी काय करीत आहे, ते नोंदवितात. लक्ष वेधील तेवढेच टिपल्यास भांडणांची नोंद होते व विश्रांतीची राहून जाते. कळप दिवसभर भांडतच असतो, असा चुकीचा समज त्यामुळे होतो. दोन निरीक्षकांच्या नोंदी परस्परांशी जुळतात की नाही, हे वेळोवेळी तपासतात. याशिवाय झाडांच्या फुलण्या-फळण्याची नोंद, विष्ठेचे नमुने गोळा करणे, उपग्रहाधारित उपकरणाने मार्ग आखणे व रात्री सर्व माहिती संगणकावर चढविणे ही कामे असतात. कामाचा मोठा भाग एकसुरी असतो, याची उमेदवाराने आधीच जाणीव ठेवावी.

पदांचे प्रकार : (१) स्वयंसेवक : यास वेतन नसते, काही ठिकाणी निवास व भोजन मिळते, तर काही परदेशी केंद्रे उलट शुल्क आकारतात. (२) क्षेत्र-साहाय्यक : बहुधा स्थानिक रहिवासी, वाटा, झाडे व प्राणी यांचे त्यांचे ज्ञान प्रकल्पाचा आधार असते. (३) संशोधन-साहाय्यक वा प्रकल्प-अधिछात्र : अनुदानित प्रकल्पातील मुदतीचे, मानधनी पद. राष्ट्रीय पात्रता परीक्षेद्वारे निवडलेल्या कनिष्ठ अधिछात्रास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रु. अधिछात्रवृत्तीचा दर लागू झाला. (४) पीएच्.डी. चा विद्यार्थी : स्वतःचा प्रश्न घेऊन दोन-तीन वर्षे क्षेत्रात राहणारा. पहिल्या पायरीवरील अनुभव तिसऱ्या व चौथ्या पायरीसाठी बहुधा अपेक्षित असतो. परिणामी ज्याला काही महिने विनावेतन राहणे परवडते, तोच पुढे जातो व गुणी परंतु गरजू विद्यार्थी मागे पडतो. या शास्त्रापुढील हा खरा प्रश्न आहे. प्रवासखर्च व भोजन तरी देणारा प्रकल्प उमेदवाराने आधी शोधावा; प्रकल्पप्रमुखांनीही अनुदान मागतानाच या खर्चाची तरतूद केली पाहिजे.

शोध व निवड : भारतात डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था (स्थापना १९८२), कोईमतूरचे सालिम अली पक्षिविज्ञान व निसर्ग केंद्र (१९९०), बंगलोरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था (१९८८), म्हैसूर विद्यापीठ व म्हैसूरचे निसर्ग संरक्षण प्रतिष्ठान (१९९६) येथील संशोधकांनी नरवानरांवर उल्लेखनीय काम केले आहे. डेहराडूनची संस्था व बंगलोरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र वन्यजीवविषयक पदव्युत्तर शिक्षण देतात. मुंबईची बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी (१८८३) ही निसर्गनिरीक्षणाच्या प्राथमिक शिक्षणास उपयुक्त आहे. आंतरराष्ट्रीय नरवानरवैज्ञानिक संघटना व अमेरिकेतील तशीच संघटना यांच्या माध्यमातून परदेशी प्रकल्पांची माहिती मिळते. तथापि अनेक जागांची जाहिरात निघत नाही. संशोधकाचे एक-दोन निबंध नीट वाचून, त्यांतील कोणत्या प्रश्नावर व किती महिने काम करण्याची तयारी आहे, हे सांगणारे नेमके पत्र सरसकट धाडलेल्या पन्नास अर्जांहून उपयोगी पडते.

स्वीकारण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : प्रकल्पाचा संशोधनप्रश्न कोणता, प्रशिक्षण कोण देणार, वनखात्याचा परवाना आहे काय, निवास, विमा व आजारपणाची व्यवस्था काय, गोळा केलेल्या माहितीचा वापर व श्रेय यांचे नियम कोणते, पूर्वीच्या स्वयंसेवकांशी बोलता येईल काय. प्राण्यांना कुरवाळण्याची वा बाटलीने दूध पाजण्याची संधी हे जेथे मुख्य आकर्षण असते, ते केंद्र संशोधनाचे नसून बहुधा करमणुकीचे असते.

परवाने व आरोग्य : अभयारण्यात संशोधनासाठी प्रवेश वा वास्तव्य करण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम २८ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते. नरवानर व मानव यांचे अनेक रोग समाईक असल्याने अंतर राखणे, खाऊ न घालणे व आलर्करोधी लस आधीच टोचून घेणे हे नियम कटाक्षाने पाळावे लागतात. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे व पाठोपाठ माणसे दगावू लागली. गोचिडींमार्फत पसरणाऱ्या या रोगाचा विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) शास्त्रज्ञांनी शोधून काढला. हाच माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यात फैलावला. जंगलात मेलेले माकड ही या रोगाची पहिली सूचना असते. त्यामुळे नियमित फेरी घालणाऱ्या निरीक्षकाची नोंद कित्येकदा माणसांचेही प्राण वाचवू शकते. मृत माकडास हात न लावता वन व आरोग्य खात्यांना तत्काळ कळविणे, हे त्याचे कर्तव्य होय.

महाराष्ट्रातील वाव : या अभ्यासासाठी आफ्रिकेस वा घनदाट अरण्यात जावेच लागते, असे नाही. ऱ्हीसस माकड उत्तरेकडील व बॉनेट माकड दक्षिण भारतातील असून त्यांच्या प्रदेशांची सीमा महाराष्ट्रातून जाते. ढोबळमानाने तापी–गोदावरीचा पट्टा ही सीमा मानली जात असे. ऱ्हीसस माकडे दक्षिणेकडे सरकत असून बॉनेट माकडांचे क्षेत्र आक्रसत आहे, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दाखविण्यात आले. उपद्रवी माकडे पकडून दूर सोडण्याची प्रथाही या विस्तारास हातभार लावते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने २०२० मध्ये बॉनेट माकडाची गणना असुरक्षित जातींत केली. दोन्ही जाती ओळखणे कठीण नाही : बॉनेट माकडाचे शेपूट लांब असून डोक्यावरील केस मध्यापासून टोपीसारखे पसरलेले असतात, ऱ्हीससचे शेपूट आखूड व पार्श्वभागाचे केस तांबूस असतात.

पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे. बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे गाव जुन्या मल्लिकार्जुन मंदिराबद्दल व पुष्करणीबद्दल ज्ञात आहे. भोवतालचा प्रदेश कमी पावसाचा, माळरानाचा आहे. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य (१९९७) चिंकाऱ्यासाठी राखलेले असून नरवानरांचे अरण्य असे येथे नाही. परंतु नीरेच्या कालव्यांमुळे बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊस व फळबागा वाढल्या आहेत. अशा बागा, रस्त्याकडेचे वड-पिंपळ व देवळांचे आवार यांच्या आधारे कोणत्या जातीची माकडे कोठवर येतात, किती दिवस राहतात व काय खातात, हा प्रश्न स्थानिक शिक्षक वा महाविद्यालयीन विद्यार्थी एक वही, दुर्बीण व घड्याळ एवढ्या सामग्रीवर हाती घेऊ शकतो. एकही माकड न आढळलेल्या दिवसाची नोंदही सीमा ठरविण्यास तितकीच मोलाची असते.

अशा नोंदींच्या अभावी काय घडते, याचे उदाहरण बीड जिल्ह्यातील लवूळ येथे मिळाले. तेथील वानर सूडापोटी कुत्र्यांची पिले मारतात, अशा बातम्या डिसेंबर २०२१ मध्ये परदेशापर्यंत गाजल्या. मृत पिलांचे आकडे शेकड्यांत सांगितले गेले व अखेर वनखात्याने दोन वानर पकडले. सूड हा हेतू बातमीने सिद्ध होत नाही. कोणत्या वानराने, केव्हा, किती वेळा व कोणत्या परिस्थितीत हे केले, ते आधीपासून कळप ओळखणाराच सांगू शकतो. कोकणातील नारळ-आंब्याच्या बागांतील उपद्रवावर उपाय योजतानाही हीच माहिती लागते. मानधन नसलेल्या पहिल्या कामाचे मोल यात आहे. वर्षभर नेमाने ठेवलेली तारीखवार वही उमेदवाराच्या अर्जास कोणत्याही शिफारसपत्राइतके वजन देते, आणि पद मिळो वा न मिळो, पुढील निरीक्षकाच्या उपयोगी पडते.