संकेतस्थळ-रचनेच्या नव्या आज्ञावलीत फाइल जतन का होत नाही?

विद्यापीठीय विभागांत संकेतस्थळे रचण्याचे काम आता केवळ संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरते मर्यादित राहिलेले नाही. हस्तलिखितांची सूची, एखाद्या बोलीचा शब्दसंग्रह, शिलालेखांच्या ठशांची छायाचित्रे अशी सामग्री इतर अभ्यासकांपुढे ठेवावयाची म्हणजे ती पानांच्या रूपाने मांडावी लागते. आणि त्यासाठी भाषेचे वा इतिहासाचे अभ्यासकही ड्रीमवीव्हरसारखी आज्ञावली किंवा एखादा साधा संपादक आपल्या संगणकावर बसवून घेतात. आज्ञावली उघडते, पान रचले जाते. मात्र ते जतन करण्याची आज्ञा देताच प्रवेश नाकारल्याचा किंवा फाइल लिहिता न आल्याचा एक त्रोटक संदेश पडद्यावर येतो. कधी कधी तर तोही येत नाही. फाइल जतन झाल्यासारखी दिसते आणि दुसऱ्या दिवशी शोधू जाता त्या फोल्डरमध्ये तिचा मागमूसही नसतो.

अशा वेळी बहुतेक जण आज्ञावली काढून टाकून पुन्हा बसवितात. हा उपाय क्वचितच लागू पडतो, आणि त्याचे कारणही उघड आहे. आज्ञावली पुन्हा बसविल्याने तिच्या स्वतःच्या फाइली नव्या होतात. परंतु वापरणाऱ्याच्या आवडीनिवडींची नोंद त्याच्या खाजगी फोल्डरमध्ये असते आणि ती बहुधा तशीच मागे राहते. फोल्डरांवरील परवानग्यांना तर कोणी हातही लावलेला नसतो. दोष जेथे आहे ती जागा सोडून भोवतालची भिंत नव्याने बांधण्यासारखाच हा प्रकार होय. म्हणून प्रथम जतन करणे म्हणजे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

आज्ञावली स्वतः डिस्कवर काहीही लिहीत नाही. ती कार्यप्रणालीला, म्हणजे विंडोज, मॅकओएस किंवा लिनक्स यांपैकी जी असेल तिला, तशी विनंती करते. ही विनंती कोणाच्या नावाने आली, त्या व्यक्तीला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार आहे काय, फाइलीचे नाव नियमात बसते काय, दुसऱ्या कोणी ती फाइल अडवून धरली आहे काय, डिस्कवर जागा आहे काय, या सर्व गोष्टी पाहूनच कार्यप्रणाली होकार देते. आपणांस दिसणारी एक कळ म्हणजे अशा अनेक होकारांची साखळी आहे. त्यांतील कोणताही एक होकार न मिळाला तरी पडद्यावर येणारे वाक्य मात्र पुष्कळदा एकच असते. आणि निदान कठीण होते ते यामुळे.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. पुष्कळ आधुनिक संपादक जुन्या फाइलीवर थेट लिहीत नाहीत. ते त्याच फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाइल निर्माण करतात, तिच्यात सर्व मजकूर लिहितात आणि मग तिला जुन्या फाइलीचे नाव देऊन जुनीला बाजूला सारतात. मध्येच वीज गेली तरी जुनी प्रत शाबूत राहावी, हा त्यातील हेतू. पण युनिक्सच्या परंपरेतील कार्यप्रणालींत फाइलीचे नाव बदलण्याचा वा ती काढून टाकण्याचा अधिकार फाइलीवरून नव्हे, तर तिच्या फोल्डरवरून ठरतो. त्यामुळे फाइलीवर लिहिण्याची परवानगी असूनही फोल्डरवर ती नसल्यास जतन फसते. उलट फाइल केवळ वाचण्यापुरती खुली असली तरी फोल्डर आपल्या ताब्यात असल्यास तिच्या जागी नवी येऊ शकते. विभागातील सामाईक फोल्डरांत याचा एक विचित्र परिणाम अनुभवास येतो. सोमवारी एका विद्यार्थिनीने पान जतन केले की नव्या फाइलीची मालकी तिच्या नावे होते आणि इतरांना ती केवळ वाचता येते; मंगळवारी तिचा सहकारी त्याच पानात दुरुस्ती करू जातो तो त्याला नकार मिळतो. आज्ञावली तीच, पान तेच, काल चालले आणि आज चालत नाही. येथे दोष आज्ञावलीचा नसून फोल्डरच्या व्यवस्थेचा आहे. सर्वांचा मिळून एक गट करून फोल्डर त्या गटाच्या नावे ठेवणे, आणि त्यात जन्मणारी प्रत्येक फाइल त्याच गटाची व गटाला लिहिता येण्याजोगी राहील अशी योजना करणे, हे व्यवस्थापकाचे काम आहे. ते एकदा नीट झाले म्हणजे ही तक्रार पुन्हा उद्भवत नाही.

विंडोजची कथा थोडी निराळी आहे, आणि तिच्यात इतिहासाचा भाग अधिक आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये घरगुती संगणकावरील बहुतेक सर्व वापरकर्ते प्रशासकाच्या अधिकाराने वावरत असत. म्हणून आज्ञावली आपल्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्समध्ये, खुशाल लिहीत. २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने हा अधिकार काढून घेतला. परंतु तसे करताच जुन्या आज्ञावली कोलमडल्या असत्या, म्हणून एक तडजोड करण्यात आली. ३२ बिटांची जुनी आज्ञावली निषिद्ध फोल्डरमध्ये लिहू लागली की तिला नकार न देता ती फाइल वापरणाऱ्याच्या खाजगी विभागातील व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये गुपचूप ठेवावयाची, आणि आज्ञावलीला मात्र ती मूळ जागीच असल्याचे भासवावयाचे. ही तडजोड पुढील आवृत्त्यांतही चालू राहिली. आरंभी उल्लेखिलेल्या 'जतन होऊनही हरवलेल्या' फाइलीचे रहस्य पुष्कळदा येथे उलगडते. आज्ञावलीबरोबर आलेले नमुन्याचे संकेतस्थळ तिच्याच फोल्डरमध्ये असते. नवशिका त्यावर काम करून ते तेथेच जतन करतो. आज्ञावलीतून पाहता पान दिसते, इतर कोठून पाहता दिसत नाही. गंमत अशी की, मग कोणाच्या सल्ल्यावरून तीच आज्ञावली प्रशासकाच्या अधिकाराने चालविली तर ही भासमान व्यवस्था तिला लागू होत नाही, आणि आतापर्यंत दिसणारी पानेही दिसेनाशी होतात! ती नष्ट झालेली नसतात. व्हर्च्युअलस्टोअरमध्ये तशीच पडून असतात. नव्या ६४ बिटांच्या आज्ञावलींना ही सवलत नाही; त्यांना सरळ नकार मिळतो, आणि आमच्या मते तेच अधिक प्रामाणिक आहे.

प्रशासकाच्या अधिकाराने चालविण्याचा हा सल्ला सर्वत्र इतक्या सहजपणे दिला जातो की त्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. त्याने फाइल जतन होते, हे खरे. पण तसे केल्याने केवळ त्या एका फाइलीचा मार्ग मोकळा होत नाही. ती आज्ञावली आणि तिला जोडलेली, कोणी लिहिली हे आपणांस माहीत नसलेली प्रत्येक उपआज्ञावली साऱ्या संगणकाची धनी होते. लिनक्सवर तर याची शिक्षा लगेच मिळते. संपादक एकदा रूटच्या अधिकाराने चालविला की काही वेळा त्याच्या आवडीनिवडींची फाइलही रूटच्या मालकीची होऊन बसते, आणि दुसऱ्या दिवशी साध्या अधिकाराने उघडल्यावर त्याला स्वतःची नोंदही जतन करता येत नाही. फोल्डरवरच्या परवानग्या ७७७ करून तो सर्वांना सताड उघडा टाकण्याचा उपायही याच जातीचा. संकेतस्थळाच्या सर्व्हरवर असे केले तर तेथे शिरकाव करणाऱ्या कोणत्याही आज्ञावलीला आपली पाने बदलता येतील, एवढी एकच गोष्ट तो टाळण्यास पुरेशी आहे.

मग करावे काय? दोन साध्या चाचण्या बराचसा प्रश्न निकालात काढतात. पहिली अशी: नव्या आज्ञावलीत एक कोरे पान उघडावे आणि ते आपल्या खाजगी फोल्डरमध्ये, लहानशा रोमन नावाने जतन करून पाहावे. ते झाले तर आज्ञावली निर्दोष आहे. अडचण मूळ जागेत, नावात किंवा मजकुरात शोधावी. दुसरी तिच्या उलट: ज्या फोल्डरमध्ये जतन होत नाही तेथेच नोटपॅडसारख्या साध्या साधनाने एक फाइल लिहून पाहावी. तेथेही नकार आला तर दोष जागेचा. नोटपॅडला होकार आणि नव्या आज्ञावलीला नकार असेल तर कोणी तरी त्या आज्ञावलीलाच नेमके अडवीत आहे असे समजावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही तितकाच लागू आहे.

आज्ञावलीलाच अडविणारे हे पहारेकरी गेल्या काही वर्षांत वाढले आहेत. विंडोज १० मध्ये २०१७ च्या अखेरीस फोल्डरांच्या संरक्षणाची एक सोय आली. ती सुरू केलेली असल्यास डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप यांसारख्या फोल्डरांत अपरिचित आज्ञावलीला लिहू दिले जात नाही. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणाऱ्या दुष्ट आज्ञावलींविरुद्ध ही योजना आहे. पण नुकतीच बसविलेली, फारशी प्रसिद्ध नसलेली निरुपद्रवी आज्ञावलीही तिच्या दृष्टीने अपरिचितच. सुरक्षेच्या नोंदींत अशा अडवणुकीचा उल्लेख सापडतो, आणि त्या एका आज्ञावलीला नाव घेऊन मुभा देता येते. संपूर्ण संरक्षण बंद करण्याचे कारण नाही. मॅकओएसमध्ये २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून आज्ञावली स्वतःहून या फोल्डरांत शिरू लागली की एकदा विचारणा होते. घाईत 'नको' म्हटले तर तो नकार नोंदला जातो आणि पुन्हा विचारणा होत नाही. तो बदलावयाचा तर गोपनीयतेच्या मांडणीत जावे लागते. उबुंटूवरील स्नॅप पद्धतीच्या कित्येक आज्ञावलींना वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरपलीकडे लिहिताच येत नाही. फाइल दुसऱ्या आज्ञावलीत उघडी असणे, किंवा मेघसंचयाची सेवा नेमकी त्याच क्षणी तिची नक्कल करीत असणे, ही कारणे तुलनेने किरकोळ. थोडे थांबून पुन्हा प्रयत्न केला की ती दूर होतात.

नावांचा प्रश्न मात्र आपल्या लिपीच्या दृष्टीने मननीय आहे. विंडोजमध्ये अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तिरकी रेघ ही चिन्हे फाइलीच्या नावात चालत नाहीत, हे बहुतेकांना माहीत असते. परंतु डॉसच्या काळापासून काही शब्दच राखीव आहेत. साहाय्यक क्रियापदांवरील पानाला कोणी इंग्रजी संज्ञेची पहिली तीन अक्षरे, ए-यू-एक्स, हे नाव देऊ पाहील तर विंडोज १० देखील ते नाकारते, कारण एकेकाळी ते संगणकाच्या एका जोडणीचे नाव होते. शिवाय फोल्डरांसह संपूर्ण पत्त्याला २६० वर्णांची जुनी मर्यादा आहे. २०१६ पासून ती उठविण्याची सोय झाली खरी, पण आज्ञावलीनेही ती स्वीकारलेली असावी लागते. देवनागरी नावांना आणखी एक अडसर आहे. युटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्णघटक तीन बाइट व्यापतो. 'हस्तलिखित' हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो; संगणकाच्या हिशेबी, हलन्त व वेलांट्या धरून, तो नऊ घटकांचा, म्हणजे २७ बाइटांचा आहे. लिनक्सच्या ईएक्सटी-४ या रचनेत नावाची मर्यादा २५५ बाइटांची, म्हणजे देवनागरीत अवघ्या ८५ घटकांची. विंडोजवर हीच मर्यादा २५५ घटकांची असल्याने ग्रंथाचे पूर्ण शीर्षक नाव म्हणून तेथे निर्वेध जतन होते, आणि सर्व्हरवर नेताना अडते.

आतापर्यंतच्या सर्व प्रकारांत मजकूर निदान नव्या ठिकाणी तरी वाचविता येतो. शेवटचा प्रकार असा आहे की फाइल जतन होते आणि मजकूर मात्र जातो. आज्ञावली नवी असून तिची मांडणी पश्चिम युरोपीय संकेतसारणीची असेल, तर त्या सारणीत देवनागरीला जागाच नसते. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तीत देवनागरीचा समावेश होता. तरीही विंडोजमधील नोटपॅडने युटीएफ-८ ही आपली नित्याची पद्धत केली ती २०१९ मध्ये. जुन्या मांडणीत जतन करताना एक इशारा येतो. तो न वाचता मान्य केला की प्रत्येक घटकाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह लिहिले जाते. 'हस्तलिखित' या शब्दाची नऊ प्रश्नचिन्हे होतात, २७ बाइटांचे ९ उरतात, आणि मूळ शब्द त्या फाइलीतून कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. महिनोन्महिने खपून केलेली सूची अशा रीतीने एका कळीसरशी नाहीशी होऊ शकते.

याच्याशी दिसण्यात साम्य असलेला, पण मुळीच घातक नसलेला दुसरा प्रकार आहे. पान उघडताच, डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन 'ए' पुनःपुन्हा येणाऱ्या निरर्थक अक्षरांची रांग दिसते. येथे बाइट जसेच्या तसे शाबूत आहेत. केवळ वाचणाऱ्याने चुकीची सारणी लावली आहे. युटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडले, किंवा पानाच्या शिरोभागी तशी घोषणा केली, की मजकूर पूर्ववत दिसतो. घाबरून अशा अवस्थेत ते पान पुन्हा जतन करणे मात्र टाळावे. प्रश्नचिन्हे दिसली तर आज्ञावली बंद न करता लगेच मागे फिरण्याची आज्ञा द्यावी किंवा उघड्या पानातील मजकुराची नक्कल अन्यत्र करून घ्यावी. स्मृतीत तो अजून जिवंत असतो, डिस्कवर नसतो.

जतन झालेले पान संकेतस्थळावर दिसत नाही, ही तक्रारही याच सदरात केली जाते, परंतु तिचा येथे संबंध नाही. ड्रीमवीव्हरसारख्या आज्ञावलीत जतन करणे ही एक क्रिया आहे आणि सर्व्हरवर पाठविणे ही दुसरी. पाठविल्यावरही पान सापडत नसेल तर नावातील लहानमोठी रोमन अक्षरे ताडून पाहावीत. विंडोज सामान्यतः त्यांत भेद मानीत नाही, लिनक्सचा सर्व्हर मानतो.